एक डोळा मिटून

त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या शहाण्या पेन्सिली एकदम बंद पडल्या आणि सातवीचा वर्ग हातपाय गाळून आरोंदेकर बाईंकडे बघत बसला. टेबलावर पितळी तांब्या, शेजारी लाकडी वांगं नि दोन लाकडी आंबे. लाकडी फळांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीत वस्तुचित्राला दुसरं काय मांडणार म्हणा! पण कागदावर रेघ ओढायला एकही पोर तयार नव्हतं.

सरकारी भाषेत या शहाण्या पेन्सिलीचं नाव मार्गदर्शी लेखणी. पोटात गरगर फिरणारी बारीक चाकं, टोकाजवळ मोहरीएवढा कॅमेरा. समोरची वस्तू ती स्वतः बघायची आणि मुलाची बोटं चुकायला लागली की हळूच ढकलून वाटेवर आणायची. शंभरेक वर्षांतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची चित्रं तिला पढवलेली होती. पूर्वी पाटीवर फुलं गिरवून झाली, मग ठिपके जोडायच्या वह्या आल्या, प्लास्टरचे शंकू आणि घन आले; पण पोरांचं चुकणं काही कुणाला थांबवता आलं नव्हतं. ते या पेन्सिलीने दोन वर्षांत थांबवलं. चित्रं अशी देखणी यायला लागली की बाईंना लाल पेन उघडायची वेळच येईना. आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडायलाही लागलं होतं.

त्यांनी कपाटातून साध्या पेन्सिलींचा खोका काढला. हात लांब करा, कोपर ताठ ठेवा, पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि अंगठा सरकवत तांब्याची उंची मापा, असं त्यांनी करून दाखवलं. स्वतः बाई याच पद्धतीने शिकल्या होत्या. पोरांना मात्र भलतीच गंमत वाटली; निम्मा वर्ग एकमेकांना डोळे मारत सुटला. सगळ्यांनी डावा डोळा मिटला. किमया मेस्त्री तेवढी डावखुरी, म्हणून तिने उजवा मिटला आणि हात तसाच धरून बसून राहिली.

“माप ना गो,” बाई म्हणाल्या.

“बाई, तांब्याला तोंडच नाहीये.”

वर्ग खो खो हसला. बाईही हसणार होत्या, पण पोरीच्या चेहऱ्यावर चेष्टा दिसेना. त्यांनी जवळ बसून खोदून खोदून विचारलं. वांगं दिसत होतं, तांब्याचं पोट दिसत होतं. त्याच्या वर कुणी काळा पडदा सोडल्यासारखं होतं. उजवा डोळा उघडला की सगळं जागच्या जागी. कधीपासून? तिला काय ठाऊक! एक डोळा मिटून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. गणपतीच्या सुट्टीत डाव्या डोळ्यावर चेंडू बसला होता, एवढं तिला आठवलं.

बाईंनी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. धुकं आहे की पडदा, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. पडदा म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. डोळ्याच्या मागे ज्यावर चित्र उमटतं ते दृष्टिपटल सुटत चाललं असावं, मधला भाग अजून चिकटून आहे म्हणून एवढं तरी दिसतंय, तो सुटला तर गेलेली नजर परत आणणं कठीण. आजच्या आज गोव्याला शस्त्रक्रियेला न्या आणि पोरीला धावू देऊ नका.

किमयाची आई कुडाळला कामावर, फोन उचलत नव्हती. मुख्याध्यापक परुळेकर सर हटून बसले. पालकांशिवाय मूल शाळेबाहेर जाणार नाही, नियम म्हणजे नियम. त्यातून पेन्सिलवाल्या कंपनीची माणसं दुपारी यायची होती. सरांनी भिंतीवरचं किमयाचं गेल्याच आठवड्यातलं चित्र बोटाने दाखवलं.

“हे बघा बाई. एक रेघ इकडची तिकडे नाही. ही पोर आंधळी होतेय म्हणता?”

“सर, हे तिने कुठे काढलंय? पेन्सिलीने काढलंय,” बाई म्हणाल्या.

बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. नोकरी गेली तर गेली, म्हणत त्यांनी पोरीला आपल्या गाडीत बसवलं. बांद्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव वर-खाली होत होता. आता किती दिसतं, हे विचारायचं धाडस त्यांना होईना. शेवटी पोरीलाच दया आली असावी.

“बाई, तुमचं नाक अजून दिसतंय,” ती उजव्या डोळ्यावर हात ठेवून म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “अजून आहे.”

गोव्याची हद्द ओलांडता ओलांडता आईचा फोन आला. ती धाय मोकलून रडली, आणि मग जे करायचं ते करा म्हणाली.

मधली नजर वाचली. वरचा भाग अंधारा तो अंधाराच राहिला. आधी कळलं असतं तर तोही वाचला असता, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आरोंदेकर बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

किमया शाळेत परतली त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस आला. माणूस गोड होता. झाल्या प्रकारातून आम्ही शिकलो, म्हणाला. आता पेन्सिलच मुलांचे डोळे तपासेल, हाताचा कंप बघेल, कोण गप्प गप्प राहतं तेही टिपेल. बाईंना कशाकडे लक्ष द्यायला नको. परुळेकर सरांचा चेहरा खुलला. बाईंच्याही मनावरचं ओझं उतरलं, अगदी मोकळं वाटलं त्यांना.

पुढच्या बाकावर किमया काळा चष्मा लावून सगळं ऐकत होती. तिने नवी पेन्सिल हातात घेतली नाही. ती उजव्या डोळ्यावर हात ठेवून, मान बरीच वर करून बाईंकडे बघत राहिली; डाव्या डोळ्याने पूर्ण चेहरा बघायचा तर आता तिला तसंच बघावं लागे.

“मग बाई,” तिने विचारलं, “तुम्ही काय बघणार?”