बिनकामाचा प्रोग्राम

माझा मेहुणा त्या रात्री फक्त मीटर आणायला गेला होता. भूत बघायला नाही. दात काय काढतोस रे? ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर गुपचूप झोपा.

तो डेटा सेंटरमध्ये आहे. तुमचे फोटो, सिनेमे, बँकेचे व्यवहार, सगळं ज्या मशीनवर असतं ना, तिथे. कुठला प्रोग्राम किती वीज खातो ते मोजायचं आणि त्याचं खाणं कमी करायचं, हे त्याचं काम. शिकवलं त्याला मास्तरांनी. मास्तर म्हणजे रात्रपाळीचे म्हातारे इंजिनिअर. एकटा जीव. याला पोटच्या पोरासारखा लळा लावला होता. म्हणायचे, "वीज कुठे जात नाही रे, कुठेतरी ऊब होऊन उरते."

एकदा मोजताना याला एक प्रोग्राम सापडला. काम काही नाही, आणि अख्खं मशीन रात्रभर जागं ठेवतोय. आत काय लिहिलंय ते न वाचताच याने तो बंद केला. साहेबांनी पाठ थोपटली. स्वारी चार दिवस हवेत!

त्याच आठवड्यात मास्तर खुर्चीतच गेले. सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, कुणी वेळेवर पोचलं असतं तर वाचले असते.

मग याने तो प्रोग्राम उघडून वाचला. मास्तरांचाच होता. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने त्यांच्या स्क्रीनवर विचारायचा, "जागे आहात ना?" त्यांनी बटण दाबलं नाही, की एका नंबरवर निरोप जायचा. नंबर याचाच होता. हार्टचा त्रास आहे हे त्या भल्या माणसाने कुणाला सांगितलं नव्हतं. भरवसा ठेवला तो या एकट्यावर. पोराला अन्न गोड लागेना.

पुढे ते मशीनही काढून टाकलं. मागे नुसती वायर उरली, आणि वायरीला याचं मीटर.

डिसेंबरचा दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेतीन. पहाटेच्या गाडीने याला परगावी मोजणीला जायचं होतं, म्हणून मीटर घ्यायला गेला. मशीनं तापू नयेत म्हणून त्या हॉलमध्ये हुडहुडी भरेल असा गारठा ठेवतात. वाकून मीटर काढायला गेला, तर आकडा हलत होता. वायरीच्या टोकाला काही नाही. तरी आकडा वर... खाली. वर... खाली. छातीवर हात ठेवल्यावर लागतं ना, तसा.

मग हळू झाला.

आणखी हळू...

शून्य.

खिशात फोन वाजला. निरोप होता. "मास्तर उत्तर देत नाहीत. लवकर ये."

हा त्याच हॉलच्या टोकाला, मास्तरांच्या खुर्चीकडे धावला. "मास्तर! मास्तर!"

कुणी नाही. रिकामी खुर्ची. ते गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही.

याने बैठकीवर हात ठेवला...

...

उजाडता उजाडता माझ्या दारात उभा. "भाऊजी, या वेळी मी लगेच धावलो हो!" एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला. मला काही खरं वाटेना. साहेबांच्या हातापाया पडून त्याच्याबरोबर आत गेलो. दात वाजत होते माझे. त्या खुर्चीला हात लावला.

अजून गरम होती.