वर्ष संपतं मार्चात

पहिल्याच भेटीत मी त्याला कुलूप लावून कोंडलं. मुद्दाम नाही हो! मामा गावच्या चर्चचे पाद्री, मी त्यांची आईबापाविना वाढलेली भाची हेस्टर, आणि संध्याकाळी चर्च बंद करणं हे माझं काम. त्या दिवशी गारांचा पाऊस झोडपत होता. आत न डोकावता किल्ली फिरवली नि घरी पळाले. चहा ओतते न ओतते तोच घंटा वाजायला लागली... अवेळी, वेडीवाकडी. धावत जाऊन दार उघडलं, तर दोराला लटकलेला एक उंच तरुण, केसांत कोळिष्टकं.

"पाहुण्यांना तुम्ही नेहमी असंच ठेवून घेता?" त्यानं विचारलं.

"पाहुणे आधी हाक मारतात," मी म्हटलं.

"हाका मारल्या. घसा बसला, तेव्हा दोर धरला."

तो जर्व्हेस थॉरल्ड, पलीकडच्या खोऱ्यातला गुरांचा डॉक्टर. चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या जुन्या वह्या बघायला आला होता. ॲशकोमच्या हवेलीचे सर एव्हरार्ड थॉरल्ड निपुत्रिक वारले होते. त्यांचा 'सर' हा किताब आणि हवेली त्या घराण्यातल्या औरस वारसाला मिळणार होती. जर्व्हेसचा पूर्वज पिअर्स त्याच घराण्यातला. तो आईबापांच्या लग्नानंतर जन्मला एवढंच सिद्ध करायचं राहिलं होतं. जर्व्हेसला याची फारशी हौस नव्हती, पण त्याच्या आईला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. जुनं अक्षर त्याला लागायचं नाही, म्हणून मी शेजारी बसून वाचून दाखवायची. थंडीनं बोटं आखडायची, कोपराला कोपर लागायचं, आणि दोघंही ते बाजूला घ्यायला विसरायचो. सुगीच्या जेवणाच्या दिवशी त्यानं सायडरचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "हे वर्ष संपायच्या आत एका मुलीला काहीतरी विचारायचंय. शपथ घेतलीय मी."

"कोण ती?"

"घंटा वाजवली की येते."

झालं, माझी झोप उडाली. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. नाताळात तो माझ्यासमोर उभा राहिला, तोंड उघडलं, लालबुंद झाला... आणि विचारलं काय, तर पुडिंगमध्ये मनुका मीच घातल्या का! वर्ष संपलं. मी उशीत तोंड खुपसून रडले.

जानेवारीत त्याची आई मोटारीतून आमच्याकडे आली. चहा घेतला, केकची तारीफ केली, आणि जाता जाता अगदी गोड आवाजात सांगून गेली, की किताब मिळाला की सूनही तोलामोलाच्या घरातलीच हवी. तेव्हापासून त्या वह्यांचं प्रत्येक पान मी भीतभीतच उलटायची. हवी ती नोंद सापडली, की जर्व्हेस गेलाच म्हणून समजा.

आणि फेब्रुवारीत ती सापडली. पिअर्सचा बाप्तिस्मा, फेब्रुवारी १७१०. त्यानं घाईघाईनं लग्नांची वही ओढली. आईबापांचं लग्न, मे १७१०.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मूल आधी, लग्न नंतर," तो हळूच म्हणाला. "संपलं सगळं. आईला कसं सांगू?" त्यानं कोट उचलला.

माझं बोट अजून बाप्तिस्म्याच्या पानावरच होतं. डिसेंबर १७१०. त्याखाली जानेवारी... तोही १७१०. मग फेब्रुवारी. १७११ उगवलं होतं ते थेट मार्चच्या शेवटी. मला सगळं कळलं. बोलले तर त्याला हवेली, आणि मला काय? गप्प बसले तर तो गुरांचा डॉक्टरच राहील. कदाचित माझाही होईल. त्याचा हात कडीवर गेला. नसलेला कलंक कपाळी घेऊन निघाला होता तो... मला नाही बघवलं.

"थांबा," मी म्हटलं. "त्या काळी आपल्याकडे वर्ष जानेवारीत बदलायचं नाही. पंचवीस मार्चला, मेरीच्या सणाला बदलायचं. हा फेब्रुवारी त्या मेच्या नंतरचा आहे."

तो परत आला, वाकून पान वाचलं, बोटांवर महिने मोजले.

"अभिनंदन, सर जर्व्हेस," म्हणता म्हणता माझा आवाज फाटला.

"हे सांगताना रडायला काय झालं?"

"गप्प बसले असते तर तुम्ही माझे झाला असतात... म्हणून."

बोलून गेले खरी, पण वर बघायचा धीर होईना. त्यानं हातातला कोट खाली ठेवला. मग म्हणाला, "हेस्टर, या जुन्या हिशोबानं आज कुठलं साल चालू आहे?"

"गेल्या वर्षीचंच... ते अजून संपलेलं नाही."

"म्हणजे माझी शपथ मोडलेली नाही. डिसेंबरात जीभच उचलली नाही गं. आता ऐक. माझ्याशी लग्न करशील?"

त्यानं मला पहिल्यांदाच 'गं' म्हटलं होतं. मी हो म्हटलं की नुसतीच मान हलवली, मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी मामांनी भर चर्चमध्ये लग्न ठरलेल्यांची म्हणून आमची नावं वाचली. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं रीतीप्रमाणे विचारलं आणि थांबले. त्याची आई बरोबर माझ्या मागच्या बाकावर होती. पिअर्सची नोंद कुणी उलगडली हे जर्व्हेसनं तिला सांगितलं होतं, पण त्यावर ती काय म्हणाली, ते काही केल्या सांगेना. मागे घसा खाकरल्याचा आवाज आला. पर्स उघडल्याचा आला. मी जर्व्हेसचा हात घट्ट धरला.

माझ्या खांद्यावरून हातमोजा घातलेला एक हात पुढे आला. तळव्यावर पेपरमिंटची गोळी होती.

"घे," ती कुजबुजली, "आणि श्वास घे पोरी. मी काही बोलणार नाहीये."