आकड्याखालची तारीख

झाइनीची गाडी बंद पडली ती नेमकी क्वाला कांग्सारच्या पुलावर, भर पावसात. मागे भोंग्यांचा गोंगाट, आणि ही स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेली. काचेवर टकटक झाली. बाहेर एक तरुण उभा होता – चिंब भिजलेला, बोटं ग्रीसनं काळी.

"गिअर काढा, चिक. मी ढकलतो. रडायचं ते गॅरेजात बसून रडा."

"मी रडत नाहीये."

"बरं. मग काच गळतेय म्हणायची."

हा इझहार, पुलापलीकडच्या गॅरेजचा. लग्न न झालेल्या बाईला तिकडे मानानं 'चिक' म्हणतात. वडील गेल्यापासून तीन गॅरेजवाल्यांनी झाइनीला चांगलंच बनवलं होतं. वडिलांची गाडी अठरा वर्षांची, पण चाललेली जेमतेम अडतीस हजार किलोमीटर. झाइनी कामाला होती ते पोस्ट ऑफिस घरापासून चालत पाच मिनिटांवर, मग गाडी चालणार कधी? जो तो आकडा बघून "नवीकोरी आहे की" म्हणायचा, दर खेपेला काहीतरी बदलल्याचं सांगायचा, आणि काढलेला भाग मात्र कधी दाखवायचा नाही.

इझहारनं आधी विचारलं, "इंजिनाचा पट्टा कुठल्या साली बदललाय?" मग जुना पट्टा काढून खोक्यात घातला आणि खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. पट्ट्याला भेगाच भेगा.

"गाडी नुसती उभी राहिली तरी म्हातारी होते, चिक. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात."

"आणि माणसांना?"

त्यानं वर पाहिलं... हसला. "माणसांचं काम मी अजून शिकलो नाही."

झालं. झाइनी तिथंच गेली कामातून.

निघताना त्यानं काचेच्या कोपऱ्यात कागद चिकटवला. "पुढची खेप यावर लिहिलीय. मी कुणाला फोन करून बोलवत नाही. बोलावून काम काढतो तो लबाड."

कागदावर आकडा होता – त्रेचाळीस हजार. कामाशिवाय जायची सोय नव्हती. गॅरेजच्या बाकावर चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं. मग झाइनी गाडी पळवू लागली. गारेगार चेंडोल खायला ताइपिंगला, खारी मासळी आणायला लेंगोंगला. घरात मासळी ठेवायला जागा उरेना.

"पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?" आई म्हणायची.

पाच हजार किलोमीटर भरायला अकरा महिने लागले. त्या दिवशी नवा हिरवा बाजू कुरुंग, सणासुदीचा पायघोळ पोशाख, घालून ती गॅरेजात गेली. इझहारनं पाहिलं आणि तो हातातला पाना तसाच धरून उभा राहिला.

"आठवण झाली म्हणायची."

"आकडा आजच पुरा झाला. बघा ना – बरोब्बर."

त्यानं काचेवरच्या कागदावर बोट ठेवलं. "आणि ही?"

आकड्याखाली तारीख होती. पाच महिन्यांपूर्वीची.

"पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. कमी चालणाऱ्या गाडीची तारीखच बघायची असते, चिक."

वडील नुसता आकडा बघायचे. तीही तेच करत आली होती.

"त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता," तो पान्याकडे बघत म्हणाला. "बाकावरचे म्हातारे घरी पिटाळले. म्हटलं, आज चिकशी बोलायचं... दोन आठवडे वाट पाहिली. वाटलं, दुसरं गॅरेज धरलं. विश्वास उडाला आपल्यावरचा."

"अहो, तुमच्याकडे यायचं म्हणून तर मी रोज – एकदा बोलवायचं तरी."

"माझीच शिस्त मला नडली. गेल्या महिन्यात आई सुंगाइ सिपुतला अंगठी देऊन माझं लग्न ठरवून आली. मुलगी चांगली आहे. मी शब्द दिलाय... तुम्ही सांगा, काय करू?"

मोडा म्हणावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"शब्द पाळा," ती म्हणाली. "ज्याचा शब्द खरा नाही, त्याच्याकडे मी गाडी देत नाही."

त्यानं तेल बदललं. जुना फिल्टर खोक्यात घालून तिच्या मांडीवर ठेवला. नवा कागद लावला. या वेळी तारीख आकड्याहून मोठ्या अक्षरांत होती.

घरी येऊन तिनं गाडी रांबुतानच्या झाडाखाली लावली आणि किल्ली वडिलांच्या खिळ्याला अडकवली. आता जायचं होतं कुठं? गाडी जागची हलली नाही. तारीख मात्र रोज एकेका दिवसानं जवळ येत राहिली, आणि आता ती झाइनीला पाठ होती.