मधली काच

शनिवारी दुपारी पावणेतीनला ठाण्यात फोन आला. इन्स्पेक्टरबाई हवालदाराला घेऊन किनाऱ्यावरच्या सात घरांच्या रांगेपाशी पोचल्या, तेव्हा उधाणाची भरती अजून पुरती चढलेली होती. पाचव्या घराची समुद्राकडची खोली जागेवर नव्हती. छप्पर, तीन भिंती, खिडकी, सगळं खाली पाण्यात गेलं होतं. लाटा विटांवर आपटून परत जात होत्या.

खोलीत सिस्टर झोपल्या होत्या. पस्तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणत. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर त्या सापडल्या. हवालदाराने टोपी काढली. एका बाळंतपणात त्याच्या बायकोला त्यांनीच वाचवलं होतं.

सातही घरं भरतीच्या रेषेपासून जेमतेम वीस पावलांवर बांधलेली. गच्चीवरून समुद्र दिसावा म्हणून लोकांनी हौसेने घेतली होती. गेल्या वर्षी भिंतींना तडे गेले, तेव्हा नगरपालिकेने प्रत्येक घरात तड्यांवर आडव्या काचेच्या पट्ट्या बसवून घेतल्या. भिंत केसभर सरकली तरी काच तुटते. नोटीस स्पष्ट होती: कुठल्याही घरातली एक काच तुटली, की दोन दिवसांत सगळी रांग रिकामी.

आणि इथेच गाडं अडत होतं.

सिस्टरांच्या खोलीची घराला लागून असलेली भिंत उभी होती. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक तडा, आणि तड्यावर तीन काचा. वरची तुटलेली, खालची तुटलेली. तडा जिथे सर्वांत रुंद, बोट जाईल एवढा, तिथली मधली काच मात्र शाबूत. पट्टीचं एक टोक दुधासारखं पांढुरकं होतं आणि त्यावर शिसपेनने बसवल्याची तारीख लिहिली होती. खाऱ्या हवेने काच पांढरी पडली असेल, असं बाईंना तेव्हा वाटलं.

दुसऱ्या घरातले हेडमास्तर तिथेच उभे होते. त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. म्हणाले, वरची नि खालची, दोन्ही काचा खोली पडताना बसलेल्या हादऱ्याने गेल्या असणार. मधली शाबूत आहे, म्हणजे भिंत आधी सरकलेली नव्हती. उधाणाने घात केला, दुसरं काय. यात बाकीच्या सहा घरांचा काय दोष?

ते रांगेतल्या लोकांचे पुढारी होते. नोटिशीविरुद्ध अर्जांवर अर्ज त्यांनीच केले होते. सिस्टरांच्या घराची एक किल्लीही त्यांच्याकडे असायची.

सोमवारी सकाळी बाईंनी काचा बसवणाऱ्या गवंड्याला बोलावलं. म्हातारा तोंडाचा फटकळ होता. तुटलेल्या दोन्ही काचांवरून त्याने अंगठा फिरवला, मग मधलीवरून.

"ह्या दोन माझ्या. ही माझी नाही."

"कशावरून?"

"मी फुटक्या तावदानांतून पट्ट्या कापतो. कड हाताला लागते. हिची कड घासलेली आहे. आणि मी सिमेंटात बसवतो, बाई. काच घट्ट धरली तरच तुटते. ही बघा." त्याने नखाने पट्टीखालचा पारदर्शक थर दाबला. तो रबरासारखा दबला. "डिंकावर बसवलीय. भिंत सरकत राहील, डिंक ताणत राहील, आणि काच बसेल हसत."

त्याने तड्याच्या कडा खरवडल्या. आतून पुट्टीचे तुकडे पडले. बोटभर तडा कोणीतरी पुट्टीने भरून वरून रंग मारला होता. पुट्टी अजून पुरती सुकलीही नव्हती.

त्याच्या काचांवर तो तारीख कशाने लिहितो, हे बाईंनी विचारलं. गवंडी म्हणाला, तैलरंगाने. काचेवर शिसपेन उमटतं होय?

हवालदार हळूच म्हणाला, "मॅडम, म्हणजे हा अपघात नाही."

"पडणं अपघातच आहे," बाई म्हणाल्या. "पण सिस्टर त्या खोलीत होत्या, तो अपघात नाही."

सिस्टरांबरोबर त्याच घरात राहणारी लेक, जावई आणि पाच वर्षांची नात आता गावातल्या एका लॉजमध्ये राहत होती. जावई दाखल्यांसाठी बाहेर गेला होता. लेक खाटेच्या कडेला बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. ते बाईंना रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

आई काचा रोज बघायची का, असं विचारल्यावर ती म्हणाली, रोज सकाळी. पण मोतीबिंदू होता, पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं. म्हणून बोटाने चाचपायची. गुळगुळीत लागली की म्हणायची, आजचा दिवस आपला. तुटली की त्याच मिनिटाला नगरपालिकेत जाणार, हे तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. त्यावरून हेडमास्तरांशी तिचा एकदा खटकाही उडाला होता.

"गेल्या आठवड्यात घरात कोण आलं होतं?"

"हेडमास्तर आले होते, गुरुवारी. अर्जावर आईची सही हवी होती. तिने दिली नाही. बाकी कोणी नाही. रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं, घर बघायला."

"घर विकणार होता?"

"हे म्हणाले, विकून मोकळं होऊ. इथे घर घ्यायचा हट्टही ह्यांचाच होता. आईने गावातलं घर ह्यांच्या शब्दावर विकलं होतं."

बाईंनी मग सहज विचारावं तसं विचारलं, नात दुपारी कुठे झोपायची?

"आजीजवळच. तिचा छोटा पलंग तिथेच होता. शुक्रवारी ह्यांनी तो पुढच्या खोलीत आणला. म्हणाले, आजीच्या घोरण्याने पोरीची झोपमोड होते."

"आई घोरायची?"

लेकीने मान वर केली. "नाही," ती म्हणाली. "आईची झोप सावध. नर्सची झोप. ती कधीच घोरायची नाही."

एक गोष्ट अजून जुळत नव्हती. ती काच आली कुठून? जावई रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता. त्याची हजेरी तपासायला म्हणून बाई तिथे गेल्या. टेबलामागची मुलगी एका रुग्णाचं रक्त घेत होती. तिने डब्यातून काचेची एक पट्टी काढली. बोटाएवढी, घासलेल्या कडांची, एका टोकाला पांढुरकी. त्या टोकावर तिने शिसपेनने रुग्णाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या टोकाला रक्ताचा थेंब पसरला.

बाई तशाच मागे फिरल्या.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत त्यांनी जावयाला समोर बसवलं. लेक मुलीला शेजारच्या खोलीत झोपवत होती. दार अर्धवट लोटलेलं होतं.

"बोलू मी, की तुम्ही बोलता?" बाईंनी विचारलं.

मग त्याच सांगू लागल्या. शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी काचा चाचपल्यानंतर केव्हातरी मधली काच तुटली. ती पहिल्यांदा तुम्ही पाहिलीत. सासूबाईंच्या हाताला लागली असती, तर त्या नगरपालिकेत गेल्या असत्या आणि रांग रिकामी झाली असती. मग घर कोण घेणार? रविवार दोन दिवसांवर आला होता. तुम्ही लॅबमधली काच आणलीत, तडा पुट्टीने बुजवलात, आणि काच डिंकावर बसवलीत, म्हणजे पुन्हा तुटायला नको. सासूबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी शनिवारी सकाळी बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं, आणि त्या दुपारी निर्धास्त झोपल्या.

"आधी मला हेडमास्तरांचा संशय आला," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे किल्ली होती, कारणही होतं. पण हेडमास्तर तुमच्या मुलीचा पलंग हलवणार नाहीत. ज्याने पलंग हलवला, त्याला भिंत पडणार हे माहीत होतं."

जावई हातांकडे बघत होता. "आठ दिवस टिकेल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "मी काय खुनी आहे का? फक्त रविवारपर्यंत निभवायचं होतं."

"मुलीला हलवलंत. मग सासूबाईंना का नाही?"

तो पटकन बोलून गेला, उत्तर कधीचं तयार असल्यासारखा. "त्यांना हलवलं असतं, तर त्यांनी कारण विचारलं असतं."

दार पूर्ण उघडलं. लेक उंबऱ्यात उभी होती. नवऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग आत जाऊन तिने मुलीची चादर नीट केली.

हवालदाराने त्याला नेलं. ठाण्याच्या ओट्यावर हेडमास्तर वाट पाहत बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. रुमालात काचेच्या पट्टीचे दोन तुकडे होते, कडा खडबडीत. आमच्या स्वयंपाकघरातली, ते म्हणाले. तुटून तीन आठवडे झाले. तडा दिसू नये म्हणून कपाट पुढे सरकवून ठेवलं होतं. एवढा शहाणा माणूस बोलताना अडखळत होता. मी सही मागायला गेल्यावर सिस्टर मला चोर म्हणाल्या होत्या, म्हणाले, मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो.

बाईंनी तुकडे पंचनाम्यात घेतले. तीन आठवड्यांपूर्वी हे टेबलावर आले असते, तर सिस्टर आज जिवंत असत्या. हे त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलेलं होतं.

त्याच रात्री रांग रिकामी झाली. पुढच्या उधाणाला दुसरं आणि तिसरं घर गेलं. तेव्हा आत कोणी नव्हतं.

लेक जबाब द्यायला एकटी आली. नवऱ्याने पलंग हलवल्याचं तिने सांगितलं, घोरण्याचं सांगितलं, गिऱ्हाइकाचंही. जबाब वाचून दाखवल्यावर हवालदाराने सहीसाठी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. अजून एक वाक्य घालायचं आहे, म्हणाली.

"शनिवारी दुपारी पोरगी आजीकडे झोपायचं म्हणून हटून बसली होती. ह्यांनी तिला उचलून पुढच्या खोलीत आणलं, दाराला कडी घातली आणि ती झोपेपर्यंत दारापाशी बसून राहिले."

हवालदाराने लिहून घेतलं. लेकीने विचारलं, हे त्यांच्या बाजूने जाईल की विरुद्ध?

बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे."

तिने पेन घेतलं आणि सही केली.