तीन नंबरचा धूर

सन त्रेसष्टची गोष्ट. बुलढाण्यात आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत रॉकेलवर जळणारा परदेशी हिटर होता. रोज सकाळी त्याचा धूर पारखायचा, हे काम कडूबा उस्तादचं न् माझं. उस्तादनं चुलीच्या काजळीनं पुठ्ठ्यावर पाच चौकोन रंगवले होते, फिक्यापासून पार काळ्यापर्यंत. मी ती पट्टी धुराच्या नळीजवळ धरायची, त्यानं वीस पावलं मागून आकडा सांगायचा. दोनच्या वर गेला की हिटर बंद.

"धरणाऱ्यानं आकडा सांगू नाही बे," तो म्हणायचा. "हातातलं लेकरू कोणालेही गोरंच दिसते."

पौषात उस्ताद धाडच्या बाजाराला निघाला. "येतो बे," म्हणाला. जातो म्हणायची आपल्यात रीतच नाही. बाजारातच छातीत कळ आली न् गेला. बापासारखा जीव होता माझा त्याच्यावर. दहा दिवस मी पट्टीला हात लावला नाही, हिटरही पेटवला नाही.

अकराव्या दिवशी माझी बायको शालू आमच्या आठ दिवसांच्या लेकीला घेऊन त्याच गाडीनं माहेरी निघाली. थंडी अशी, की बोटं वळेनात. लेकीसाठी हिटर हवाच होता.

हिटर पेटवून पट्टी धरली. धूर मला एक नंबरचा दिसला. दिसणारच! तरी सवयीनं ओरडलो, "किती?"

"तीन बे! डोळे फुटले काय?"

ड्रायव्हर रंगराव असेल म्हणून मी वळूनही पाहिलं नाही. चिडलो, पण हिटर बंद केला, झाकण खोललं.

आतली नळी उभी चिरली होती. सगळा धूर बंद गाडीत भरला असता.

तेवढ्यात रंगराव फाटकातून चहाची किटली घेऊन आला. मी त्याला हात जोडले.

"मले काऊन हात जोडून राह्यला, उत्तमा? मी तर आत्ताच येऊन राह्यलो."

दुपारी उस्तादच्या घरी गेलो. त्याची बायको सोजराबाई ओट्यावर बसली होती. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं हळूच विचारलं, "सकाळी तुह्यं न् याइचं काही काम होतं काय रे?"

"काऊन, काकू?"

तिनं मोरीकडे बोट दाखवलं. घंगाळातलं पाणी काजळीनं काळं झालं होतं. दांडीवरच्या धुतल्या पंच्यावर बोटं पुसल्याचे डाग होते, अजून ओले.

"जेवाले थांबले नाही," ती म्हणाली. "ताट झाकून ठेवलं हाये मी."