बाजूच्या सीटचा बेल्ट

बस सपना. तिकडे नको, माझ्या या बाजूला बस. तुझा नवरा आत साहेबांसमोर बसलाय, वेळ लागेल. तो बाहेर यायच्या आत तुला सगळं सांगून टाकते. सहा महिने पोटात ठेवलंय, आता ठेववत नाही.

मे महिन्यात मिहिरला दारू पिऊन गाडी चालवताना नाक्यावर पकडलं होतं. वकील म्हणाले, "पहिलाच गुन्हा आहे, मुकाट्याने कबूल करा. उगाच वाद घातलात तर सहा महिने आतही जावं लागेल." कोर्टाने दंड केला, लायसन्स सहा महिने निलंबित झालं. सुटलो म्हणून आपण पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सोडवायला मी त्याच्यासोबत इथे चौकीत आले. साधं काम होतं. चालवणार मी, तो नुसता सोबतीला.

गाडी आवारात जांभळाखाली उभी होती. हवालदार धोंडिरामांनी चावी दिली आणि मला निरखून पाहिलं.

"त्या रात्री बाजूला बसलेल्या बाई तुम्हीच का?"

"नाही हो, मी बहीण. तो एकटाच होता ना?"

मिहिर मागच्या सीटवर जाऊन बसला. मला रागच आला, मी काय याची ड्रायव्हर आहे?

दार लावलं, तर आत कोथिंबिरीचा वास. आठवडाभर बंद गाडी, बाहेर पोळणारं ऊन, आणि नुकत्याच धुतलेल्या जुडीचा ओला वास... सीटखाली पाहिलं, डिकीत पाहिलं, काडीसुद्धा नव्हती. गाडी सुरू केली आणि पीं... पीं... बाजूच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून. तिथे माझी पर्स होती. ती मांडीवर घेतली. पीं... पीं... हायवेला लागलो तरी थांबेना. मिहिर मागून पुढे वाकला.

"ताई... तिचा बेल्ट लाव."

"कोणाचा?"

सिग्नलला मी चिडून बेल्ट ओढला. रिकाम्या सीटवरून सरळ यायला हवा ना? तो मध्येच अडला. जरा उचलून पुढून आणावा लागला, मग खट् करून बसला. आवाज थांबला. पण पट्टा सीटला टेकलाच नव्हता, सपना. मध्ये वीतभर जागा होती.

तेव्हा तो मागून अगदी हळू बोलला.

"ही पहिली वेळ नव्हती, ताई. मागच्या दिवाळीत... असाच पिऊन येत होतो. नदीच्या पुलाजवळ, उजाडत होतं. ती डोक्यावर पाटी घेऊन... सगळी कोथिंबीर काचेवर आली."

"थांबलास?"

"...नाही."

पोह्यावरची कोथिंबीर वेचून काढतो म्हणून तू त्याला चिडवायचीस ना? ते नखरे नव्हते गं.

मी तेव्हाच म्हटलं, चल, गाडी वळवते, चौकीत सांग. त्याने गळ्याची शपथ घातली, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. मग उद्या जातो, सोमवारी जातो... मी रोज त्याच्यावर डाफरायचे, आणि गाडी काढताना आधी तो बेल्ट लावायचे.

आज लायसन्स परत मिळालं. चावी घेऊन शीळ घालत खाली गेला आणि पांढराफटक होऊन वर आला.

"ताई, ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट कोणी लावून ठेवलाय?"

"मग सोडव ना."

"निघत नाही. आतून कोणीतरी धरलाय..."

मी जाऊन पाहिलं. बाजूचा पट्टा मोकळा लोंबत होता. ड्रायव्हरचा मात्र पुढे ताणलेला, पोटावरून गेल्यासारखा. मिहिरने चावी माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "चालतच जाऊ. सांगून टाकतो." आम्ही गेटबाहेर पडलो आणि मागे बकल सुटलं. खट्. मी वळून पाहिलं नाही.

रड हवं तर. मीही वाटभर रडले. पण त्याने सांगितलं ते बरं केलं.

आत्ता तू यायच्या जरा आधी धोंडिराम इथून गेले. म्हणाले, "बसा बाई, साहेब लिहून घेतायत तुमचं." मला वाटलं माझ्याशीच बोलतायत. पण बघत होते ते माझ्या त्या बाजूला, जिथे मी तुला बसू दिलं नाही.