बांधावरचा जाळ

विरेशला शिवरंजनीनं पहिल्यांदा पाहिलं ते धुरातून. त्याच्या एका हातात ओलं पोतं, दुसऱ्यात लिंबाची डहाळी आणि केसांत राख. जाळ विझला तसा तो तिच्याकडे वळला.

"तुम्ही धावून आलात म्हणून निम्मं तरी वाचलं. लई उपकार झाले."

शिवरंजनीच्या मुठीत काडेपेटी होती. तिनं ती हळूच ओढणीत लपवली.

झालं होतं असं, की परीक्षा संपवून ती सोलापूरहून अणदूरला आत्याकडे आली होती. शांताक्कांचे, म्हणजे तिच्या आत्याचे, गुडघे धरलेले. त्यामुळं घर आणि रान दोन्ही हिच्याकडे. आत्यानं विळा हातात देऊन सांगितलं, सामाईक बांधावरचं गवत काप. पण चैत्रात इथं सगळेच बांध पेटवतात, मग उगीच कशाला वाकायचं, असं शहाणपण बाईसाहेबांना सुचलं. वारा फिरला. जाळ शेजारच्या विरेशच्या रानात शिरला. तिथं त्यानं सीताफळाच्या रोपांभोवती उसाचा वाळला पाला, पाचट म्हणतात ते, जाड अंथरलं होतं. ते भडकलं.

खरं सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं... पण समोरचा माणूस उपकार मानत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मदतीला येऊ का मी?"

आणि ती खरंच गेली. जळालेलं पाचट भरून काढायला ट्रॉली घेऊन दोघं दारोदार फिरू लागले — पाचट जाळू नका, तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्या. लोक हसायचे. पाचटात उंदीर होतात, साप येतात म्हणायचे. विरेश हळू आवाजात सांगायचा, "काका, माझ्या रानात येऊन पाचटाखालची माती हात लावून बघा. भर उन्हात गार हाय. ऊन दरसाली वाढायलंय, पाऊस लहरी झालाय, पर आपल्या रानातली वल तरी आपण राखू शकतो की न्हाय?"

एकदोघांनी येऊन हात लावून पाहिला. मग त्यांनी पाचट दिलंच नाही, आपल्याच रानात पसरलं. ट्रॉली रिकामी घेऊन परतताना विरेश इतका खूश होता, की शिवरंजनी बघतच राहिली.

"तुम्ही बोलता लई कमी," तो म्हणाला.

"तुम्ही बोलता तेवढं पुरतं की दोघांना."

"सुट्टी संपली की जाणार?"

"आत्याचे गुडघे बरे झाले की..."

"पावसाळ्यात जास्तच दुखतेत म्हणं गुडघे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला आणि कान लाल करून पाचट उतरवू लागला.

तो आवडू लागला होता, हीच तर पंचाईत होती. तो हसला की तिला आधी गोड वाटायचं आणि लगेच लाज वाटायची. जितकं आवडावं तितकी लाज.

एका सकाळी बांधापलीकडून मेंढरांचा कळप गेला. पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्यानं इकडं मान वळवली नाही.

"बिरप्पा अज्जा," विरेश म्हणाला. "दरसाली माझ्याच रानात मेंढरं बसवायचे. लेंडीखत पाचटात मुरलं की दुसरं खत लागत न्हाय. यंदा मीच नको म्हणलो. त्या दिवशी बांधावरनं तेच गेले होते, त्यांच्या बिडीनं पेटलं. पारावर चारचौघांत लई बोललो त्यांना."

शिवरंजनीच्या हातातलं पाचट खाली पडलं.

"बिडीनं नाही पेटलं," ती म्हणाली. "मी पेटवलं. गवत कापायचा कंटाळा आला म्हणून."

"मी तर... तुमचे उपकार मानले."

"हो. मी ते मानून घेतले."

तो तसाच वळला. गाडीपाशी गेला, किक मारली. गेला आता, असं तिला वाटलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

"बसा मागं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "अज्जांना बोललो मी हाय. माफी दोघांनी मागावी लागंल."

खंडोबाच्या माळावर बिरप्पा अज्जा कोकराला पाणी पाजत होते. शिवरंजनीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. विरेशनं त्यांच्या पायाला हात लावला.

अज्जांनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्या बिडी कवाच सोडली रं बाळा. तू इचारलंच न्हायस."

विरेशला मान वर करवेना. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्याच तोंडावरची लाज आज त्याच्याही तोंडावर होती.

"उद्या मेंढरं घिऊन येतो," अज्जा उठत म्हणाले. "रानाचा काय गुन्हा हाय त्यात?"

परतताना गाव जवळ आलं. मग विरेश म्हणाला, "राग हाय माझा तुमच्यावर."

"असू दे. रास्तच आहे."

"लई दिवस ऱ्हाईल."

"किती?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "आत्याचे गुडघे बरे होईस्तोवर तरी."

यावेळी शिवरंजनीला काहीच लपवायचं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात," ती हळूच म्हणाली, "ते आता कधीच बरे व्हायचे नाहीत."